एक्स-रेवरचा डाग आणि कपाटातली फाईल

पत्र:

मॅडम, मी माळशिरस तालुक्यातून लिहिते आहे. माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा आहे. २०१७ साली नववीत असताना त्याच्या मानेत गाठ आली. आधी टीबीची गाठ म्हणून तीन महिने गोळ्या दिल्या. गाठ बसेना म्हणून मुंबईला नेलं, तिथं बायोप्सीत हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, निघाला. केमोच्या सहा सायकल झाल्या, मग मानेला आणि छातीला लाईट (रेडिएशन) दिली. २०१८ मध्ये उपचार संपले. आम्ही नेमानं दाखवायला जायचो, पण लॉकडाउनमध्ये जाणं सुटलं ते सुटलंच. भाऊ ठणठणीत होता. दोन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करतोय. हल्ली १६०० मीटर धावताना शेवटी शेवटी त्याचा दम कोंडतो, कोरडा खोकला येतो, वेळ कमी व्हायचा तर वाढतच चाललाय. इथल्या डॉक्टरांनी आधी ॲलर्जी म्हणून पंप दिला. आता एक्स-रेत वरच्या बाजूला डाग दिसतोय, टीबीच्या गोळ्या सुरू करू म्हणतात. कॅन्सरचं त्यांना सांगितलेलं नाही. भावानं शपथ घातलीय, भरतीत आणि पुढं लग्नात आडवं येईल म्हणतो. आईला वाटतं तेच दुखणं उलटलं, ती रात्र रात्र झोपत नाही. फाईल कपाटात कुलपात आहे. मी गुपचूप फोटो काढलेत. त्यात डॉक्सोरुबिसिन, ब्लिओमायसिन, विनब्लास्टिन, डकार्बाझिन अशी औषधं लिहिलीत. मी काय करू?
– एक बहीण

उत्तर:

तुम्ही फाईलचे फोटो काढलेत हे फार चांगलं केलंत. आता ती फाईलच कुलपातून बाहेर काढा आणि ज्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला त्यांच्याच टेबलावर ठेवा. टीबीच्या गोळ्या सुरू होण्याआधी. माझ्या उत्तरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून आधी सांगितली.

तुमच्या डॉक्टरांचा मला राग आलेला नाही. आपल्याकडे बाविशीतला मुलगा, महिनोन्‌महिने खोकला आणि फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग, एवढंच समोर असेल तर कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिल्यांदा टीबीच येणार, आणि यायलाच हवा. पण त्यांच्या हातात निम्मीच माहिती आहे. या मुलाच्या छातीला चौदा-पंधराव्या वर्षी लाईट दिली होती आणि त्याला ब्लिओमायसिन दिलं होतं, हे कळलं की त्याच एक्स-रेचा अर्थ बदलू शकतो.

कसा, ते नीट सांगते. हॉजकिनच्या गाठी बहुतेक वेळा मानेत आणि दोन्ही फुप्फुसांच्या मधल्या जागेत असतात. लाईट तिथेच द्यावी लागते. ती देताना फुप्फुसाचा शेजारचा भाग, विशेषतः वरचा आणि आतल्या बाजूचा, थोडाफार झोतात सापडतोच. कितीही काळजी घेतली तरी तो पूर्ण टळत नाही. त्या भागात पुढच्या काही महिन्यांत सूज येते. कुणाला तेव्हा खोकला आणि थोडा ताप येतो, कुणाला काहीच जाणवत नाही. सूज ओसरली की तिथे व्रण राहतो. हवेतला प्राणवायू रक्तात जातो तो कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतक्या नाजूक पडद्यातून, आणि व्रण पडला की तो पडदा जाड आणि ताठर होतो. हा व्रण एक्स-रेवर पांढरट डाग म्हणून जन्मभर दिसत राहतो. टीबीचा डागही वरच्याच भागात पडतो. म्हणून गफलत होते.

अनुभवी डोळ्याला फरक ओळखता येतो, पण नुसत्या एक्स-रेवर नेहमीच येईल असं नाही. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. लाईटचा व्रण झोत जिथवर गेला तिथवरच असतो. त्याची कड बऱ्याचदा सरळ, आखल्यासारखी दिसते आणि फुप्फुसाच्या नैसर्गिक भागांच्या सीमा तो पाळत नाही. टीबी असा सरळ रेषेत बसत नाही. त्याहून मोठा पुरावा जुन्या फिल्ममध्ये असतो. उपचार संपल्यावर काढलेला एक्स-रे किंवा स्कॅन फाईलमध्ये असेल तर तो आजच्याशेजारी धरून बघायचा. डाग तेव्हाही तसाच असेल तर तो जुना व्रण. तेव्हा नव्हता आणि आता आहे, किंवा तेव्हापेक्षा वाढलाय, तर तो काय आहे ते शोधून काढायलाच हवं. सात वर्षांपूर्वीच्या त्या फिल्मची किंमत आज कुठल्याही नव्या तपासणीपेक्षा जास्त आहे, आणि ती कदाचित तुमच्याच घरात कुलपात पडून आहे.

टीबी नसेलच असं मी म्हणत नाही. माळशिरस असो की मुंबई, टीबी कुणालाही होतो, आणि एकदा एवढी केमो झालेल्या मुलाच्या बाबतीत तो गृहीत धरून शोधावाच लागतो. पण तो थुंकीत शोधायचा. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर थुंकीतला टीबीचा जंतू आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला तो दाद देतो की नाही हे दोन्ही काही तासांत कळतं. (ट्रूनॅट आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीनं बनवलंय.) सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. खोकला कोरडा आहे, थुंकी निघत नाही, ही अडचण खरी आहे. तेव्हा मिठाच्या पाण्याची वाफ देऊन थुंकी सुटते का पाहतात, तरीही नाही सुटली तर दुर्बीण घालून नमुना घेतात. जंतू सापडला तर सहा महिने गोळ्या निमूटपणे आणि पूर्ण घ्यायच्या. पण जंतू शोधण्याआधीच, नुसत्या डागावर सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करू नका. लहानपणी याच मुलाचे तीन महिने टीबीच्या गोळ्यांत गेले आणि खरा आजार तोवर वाढत राहिला, हे तुम्हीच लिहिलंय.

आणखी एक गोष्ट, ही फार जपून वाचा. दम लागतो म्हटलं की गावाकडे काही ठिकाणी पंपासोबत स्टेरॉइडच्या छोट्या गोळ्या सर्रास मिळतात. पंप ओढून नुकसान होणार नाही. पण या गोळ्या, निदान होईपर्यंत, तुमच्या भावानं घ्यायच्या नाहीत. टीबी असेल तर त्यांनी तो पसरू शकतो. आणि लिम्फोमा परत आला असेल तर या गोळ्यांनी गाठ काही दिवस आकसते, माणसाला बरं वाटतं आणि बायोप्सीत काहीच नीट सापडत नाही. आधीच घेत असेल तर अचानक बंद न करता डॉक्टरांना तसं सांगा.

आता आईच्या भीतीबद्दल. आईंना सांगा की हॉजकिन परत येतो तो बहुतेक वेळा उपचारांनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. तुमच्या भावाला सात वर्षं झाली. शक्यता शून्य नाही, पण ती यादीत वरती नाही. ती तपासायची कशी हे सोपं आहे: मान, काख, पोट डॉक्टरांनी हातानं तपासणं, वजन उतरतंय का, रात्री कपडे भिजेपर्यंत घाम येतो का, अंगाला खाज सुटते का हे विचारणं, आणि छातीचा स्कॅन. मुंबईचे डॉक्टर ठरवतील त्याप्रमाणे पेट स्कॅन. आईंना 'काही नाही गं' असं म्हणून झोपवू नका, त्यांना ते खरं वाटणार नाही. काय काय तपासणार आहोत ते समजावून सांगा.

मग त्याचा दम का कोंडतो? मला तीन गोष्टी आधी तपासाव्याशा वाटतात.

पहिली फुप्फुसं. ब्लिओमायसिन आणि छातीची लाईट ही दोन्ही फुप्फुसात व्रण पाडू शकतात, आणि एकत्र आली की धोका वाढतो. शिवाय वाढत्या वयात छातीला लाईट मिळाली तर छातीचा पिंजरा पूर्ण वाढत नाही, आत हवेला जागाच कमी राहते. अशा मुलांना चालताना, जिना चढताना काही जाणवत नाही. जी जादा क्षमता असते ती कमी झालेली असते, आणि ती कळते १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीलाच. भाऊ पळत होता म्हणून हे इतक्या लवकर कळलं. खुर्चीवर बसून नोकरी करणाऱ्या मुलाला ते दहा वर्षांनी कळलं असतं. मात्र व्रण सहसा पहिल्या वर्ष-दोन वर्षांत पडून तिथेच थांबतो. इतक्या वर्षांनी आणि महिन्यागणिक त्रास वाढतोय, म्हणजे नुसत्या जुन्या व्रणावर खापर फोडून गप्प बसता येणार नाही.

दुसरं हृदय. याचा विचार छातीचा डॉक्टरसुद्धा कधी कधी विसरतो. डॉक्सोरुबिसिन, ज्याला वॉर्डात सगळे 'लाल केमो' म्हणतात, ते हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं, आणि ती वर्षांनंतरही दिसू शकते. त्यात छातीला लाईट मिळालेली. हृदयाची ताकद कमी पडली तरी माणूस 'दम लागतो' असंच म्हणतो. म्हणून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, व्हायलाच हवा. तो होईपर्यंत भावाचं धावणं बंद. चालू दे, रोजची कामं करू दे, पण स्टॉपवॉच लावून जीव तोडून पळणं नाही. हे मी त्याला शिक्षा म्हणून सांगत नाही.

तिसरी गोष्ट साधी आहे: रक्त आणि थायरॉइड. मानेला लाईट मिळाली की थायरॉइड मंदावणं फार सामान्य आहे. त्यानं थकवा येतो, दम पुरत नाही. एक टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि एक हिमोग्लोबिन, दोन्ही तालुक्याला होतात.

फुप्फुसांची खरी परीक्षा फुंकण्याच्या तपासणीत होते. तिला पी.एफ.टी. म्हणतात. भाऊ घाबरू नये म्हणून कशी होते ते सांगते. नाकाला चिमटा लावतात, तोंडात पुठ्ठ्याची नळी देतात. पोटभर श्वास घ्यायला लावतात आणि मग तंत्रज्ञ ओरडतो, 'फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका.' छाती रिकामी झाली असं वाटलं तरी फुंकत राहायचं. हे किमान तीनदा, कारण पहिल्या वेळेला कुणालाच जमत नाही. दुसऱ्या भागात एका खास वायूमिश्रणाचा श्वास घेऊन सुमारे दहा सेकंद दम धरायचा. त्यात कार्बन मोनॉक्साइड अगदी नाममात्र असतो, अपाय होत नाही. किती वायू रक्तात गेला त्यावरून तो नाजूक पडदा किती चालतोय ते कळतं. याला डी.एल.सी.ओ. म्हणतात. ब्लिओमायसिन घेतलेल्यांत बिघाड बऱ्याचदा आधी याच आकड्यात दिसतो, साधी फुंकणी तोवर नॉर्मल असू शकते. म्हणून 'पी.एफ.टी. केली, नॉर्मल आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, डी.एल.सी.ओ. केली का, हे विचारा. ते यंत्र तालुक्याला मिळत नाही. सोलापूर-पुण्याला फोन करून, आहे याची खात्री करूनच निघा. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट सोबत न्या, रक्त कमी असलं तर हा आकडा उगाचच कमी येतो. त्यासोबत सहा मिनिटं चालवून बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहतात. बसल्या जागी ९८ असणारा आकडा चालताना चारनं किंवा जास्त उतरला, तर ते डॉक्टरांना नक्की सांगा.

खरं तर ही तपासणी त्याची आधीच व्हायला हवी होती. लहानपणी कॅन्सर झालेल्यांसाठी अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपचे जे नियम आहेत, त्यात ब्लिओमायसिन किंवा छातीची लाईट मिळालेल्यांची फुप्फुसं उपचार संपून दोन वर्षांनी, त्रास नसला तरी, एकदा तपासून आकडे नोंदवून ठेवा असं सांगितलंय. तो आकडा पुढे त्रास झाला तर तुलनेला लागतो. लॉकडाउननं तुमची ती संधी घेतली. तुमच्यासारख्या कितीतरी घरांचं दाखवायला जाणं तेव्हा तुटलं, त्यात तुमचा दोष नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये मात्र अशाच मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र ओपीडी चालते, तिचं नावच आफ्टर कम्प्लिशन ऑफ थेरपी, म्हणजे एसीटी क्लिनिक. भावावर उपचार तिथे झाले असतील तर केस नंबर घेऊन परत नाव नोंदवा. दुसरीकडे झाले असतील तर त्याच रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागाला कळवा. मधली वर्षं गेली म्हणून कुणी परत पाठवत नाही.

तुम्ही बहीण आहात म्हणून एक आकडा सांगते. अमेरिका आणि कॅनडात लहानपणी कॅन्सर झालेल्यांचा एक मोठा अभ्यास १९९४ पासून चालू आहे, आणि त्यात त्यांची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी करतात. वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत फुप्फुसांचा काही ना काही त्रास कॅन्सरमधून बरे झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांना झाला, भावंडांपैकी साडेसव्वीस टक्क्यांना. म्हणजे फरक आहे, पण बरे झालेले सगळेच धापा टाकत जगतात असं मुळीच नाही. जास्त फरक पडतो तो जुनाट खोकला, पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया अशा त्रासांत. म्हणून सावध राहायचं, घाबरायचं नाही.

आता शपथेचं. भाऊ सज्ञान आहे, त्याची माहिती त्याची आहे, म्हणून आधी त्यालाच बोलू द्या. हे उत्तर त्याला वाचायला द्या. डॉक्टरला सांगणं म्हणजे गावाला सांगणं नव्हे, रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला डॉक्टर बांधलेला असतो. चारचौघांत सांगायला संकोच वाटत असेल तर दवाखाना रिकामा असताना जा, कंपाउंडरला बाहेर थांबायला सांगा. आणि एवढं करूनही तो अडून बसला आणि गोळ्या सुरू व्हायची वेळ आली, तर त्याच्या पाठीमागे नाही, त्याच्यासमोर बसून तुम्ही सांगा. शपथ मोडली म्हणून तो आठ दिवस रुसेल. रुसू दे.

बाळा, आता थोडं तुझ्याशी. तू नववीत जे सोसलंस ते सोसून मैदानावर उतरलास, याचं मला कौतुक आहे. पण आकडे हातात नसताना भरतीचं काय होईल हे तू आत्ताच ठरवून मोकळा झालायस. कदाचित थायरॉइडची एक गोळी लागेल आणि तुझा वेळ परत कमी होईल. कदाचित फुप्फुसं तेवढी साथ देणार नाहीत आणि तुला दुसरी परीक्षा, दुसरं खातं निवडावं लागेल. तेही मी नाकारत नाही. पण ते इको आणि डी.एल.सी.ओ. बघून ठरव. लग्नाचंही तसंच. जिच्याशी संसार करायचाय तिला लग्नाआधी सांगायला हवं, पण ती वेळ आज आलेली नाही. ज्याला आज सांगायलाच हवं तो तुझा डॉक्टर आहे.

आणि एक कायमचं. ब्लिओमायसिन घेतलेल्या माणसाला ऑपरेशनवेळी गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर फुप्फुसांना इजा होऊ शकते. अपेंडिक्स असो की अपघातातलं हाड, भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी कळलं पाहिजे. ऑक्सिजन नाकारायचा नाही, गरज असेल तर तो घ्यायचाच, पण किती द्यायचा ते बघून देतात. एका कागदावर आजाराचं नाव, उपचारांचं साल, केमोची नावं आणि डोस, लाईट कुठे आणि किती दिली हे लिहून पाकिटात ठेव आणि ताईच्या मोबाइलमध्येही असू दे. समुद्रात टाकी लावून डायव्हिंग करायचा बेत झाला, अगदी मालवणला मित्रांबरोबर, तर आधी तज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. सिगरेट, विडी, हुक्का, व्हेप यांतलं काहीही नाही, एकदाही नाही. लाईट मिळालेल्या छातीला धूर इतरांपेक्षा जास्त महाग पडतो.

घरात चूल पेटत असेल तर भावाचं अंथरूण त्या खोलीत नको. मच्छरच्या अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी लावा. फ्लूची आणि न्यूमोकोकसची (न्यूमोनियाच्या एका जंतूची) लस डॉक्टरांना विचारून घ्या.

अशा विषयावर इतर घरांतूनही विचारणा होते, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. रक्ताच्या कॅन्सरची केमो चालू असलेल्या मुलाला आठवड्यातून दोन-तीन दिवस सेप्ट्रानची गोळी दिलेली असते ती एका विशिष्ट न्यूमोनियापासून वाचवायला. 'आता बरा आहे' म्हणून ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. बोन मॅरो बदललेल्या मुलाला पळताना दम लागायला लागला तर सर्दी-खोकला समजून थांबू नका, त्याला लगेच ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांकडे न्या. आणि लहानपणी छातीला लाईट मिळालेल्या मुलींनी स्तनांची तपासणी इतर बायकांपेक्षा बऱ्याच लवकर सुरू करायची असते, ती कधीपासून, हे पुढच्या भेटीत विचारून घ्या.

ताई, या आठवड्याचा क्रम असा ठेवा: फाईल घेऊन तुमच्याच डॉक्टरांकडे, थुंकीची तपासणी, टीएसएच, हिमोग्लोबिन, इको, आणि मुंबईला फोन. पी.एफ.टी. त्यामागोमाग, पण थुंकीचा रिपोर्ट हातात आल्यावर, कारण टीबी असताना त्या यंत्रात फुंकायला देत नाहीत. पण यादरम्यान बसल्या जागी धाप लागली, ओठ किंवा नखं निळसर दिसली, थुंकीत रक्त आलं, ताप १०१ च्या वर जाऊन उतरेना, चेहरा आणि मान सुजली, आडवं पडल्यावर गुदमरायला लागलं, किंवा ऑक्सिमीटर ९४ च्या खाली गेला, तर हा क्रम सोडून द्या. गाडी करा, फाईल उचला आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.